चिठ्ठीचा उरलेला भाग

दिवाळे गाव
दि. २५ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. मुख्याध्यापिका

विषय : भर वर्गात माझ्या मुलीची घरची गोष्ट वाचून दाखवल्याबद्दल तक्रार

महोदया,

मी गीतांजली सूरज कोळी. माझी मुलगी हेतल आपल्या शाळेत दहावी 'ब' मध्ये शिकते. दर गुरुवारी सहाव्या तासाला 'खंबीर मन' नावाचा कार्यक्रम घेतात. त्यात मुलांनी आपल्या मनावरचं ओझं नाव न घालता चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचं असतं. २१ ऑगस्टला सोनल घरत या मॅडमनी पेटीतली एक चिठ्ठी वर्गात मोठ्याने वाचली. हेतलच्या सांगण्यावरून ती खाली लिहिते.

"नारळी पौर्णिमेला आमची होडी ओवाळली नाही. बाबा खाडीवर जात नाहीत. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. आई सगळ्यांना सांगते की इंजिन बिघडलंय. ते खोटं आहे."

मॅडम म्हणतात नाव नव्हतं. दिवाळ्यात नारळी पौर्णिमेला न ओवाळलेली होडी एकच आहे, बाई. वर्गात आमच्या गावची अकरा मुलं आहेत. संध्याकाळी दिवे लागायच्या आत अख्ख्या गावाला कळलं. दुसऱ्या दिवशी बस स्टॉपवर पोरं हेतलला 'इंजिन' म्हणून हाक मारत होती. त्या दिवसापासून ती शाळेत आलेली नाही आणि मी तिला पाठवणारही नाही.

आपल्या सूचना फलकावर लिहिलं आहे की लेखी तक्रारीला लेखी उत्तर मिळेल. ते मला हवं आहे. तोंडी नको. फोन नको.

आपली,
गीतांजली सूरज कोळी


बेलापूर
दि. ३ सप्टेंबर २०२५

श्रीमती गीतांजली कोळी यांस,
स. न.

गणपतीच्या सुट्टीमुळे उत्तराला उशीर झाला. मुख्याध्यापिकांनी आपला अर्ज माझ्याकडे दिला आहे.

'खंबीर मन' हा आठ आठवड्यांचा कार्यक्रम आहे. मुलांवर संकट कोसळल्यावर धावाधाव करण्याऐवजी, आधीच त्यांच्या मनाची तयारी करावी, हा त्याचा हेतू. चिठ्ठ्या निनावी असतात आणि वाचन आमच्या पुस्तिकेतल्या नियमांनुसारच होते. २१ ऑगस्टलाही तसेच झाले. चिठ्ठी कोणाची हे मी वर्गात सांगितले नाही, विचारलेही नाही.

मुलांनी नाव ठेवले हे वाईट झाले. पुढच्या तासाला मी चिडवण्याविषयी बोलेन. मात्र हेतलला घरी ठेवणे हा उपाय नाही. दहावीचे फॉर्म शाळेत ३० सप्टेंबरपर्यंतच भरून घेणार आहेत, आणि त्यावर विद्यार्थिनीची सही शाळेत येऊनच करावी लागते. तोपर्यंत ती आली नाही तर तिचे वर्ष जाईल.

एक गोष्ट विचारावीशी वाटते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला आपल्या घरातली गोष्ट लाकडी पेटीला का सांगावी लागली, याचा विचार घरात झाला आहे का?

आपली,
सोनल घरत
समुपदेशक


दिवाळे
८ सप्टेंबर

सोनल मॅडम,

हे पत्र शाळेमार्फत पाठवत नाही. धोंडूबाई नेरूळला तुझ्या सोसायटीत मासे घेऊन येते, तिच्या पाटीत घातलंय. बोंबलाचा वास आला तर नाक धर. पूर्वी धरायची नाहीस.

'श्रीमती गीतांजली कोळी यांस.' वा. आठवी ते दहावी तीन वर्षं एका बाकावर बसलो आपण. माझ्या डब्यातली जवळ्याची चटणी चाटून खायचीस. तुझा नंबर आहे माझ्याकडे, पण मी तो ब्लॉक केलाय. फोनवर तू गोड बोलशील आणि उद्या म्हणशील, मी असं बोललेच नव्हते. कागद हातात राहतो.

घरात विचार झाला का, म्हणून विचारतेस? ऐक.

मे महिन्यात सूरज आणि गणू, म्हणजे त्याचा चुलतभाऊ, दोघं खाडीच्या तोंडाशी जाळं ओढत होते. गणूचा पाय जाळ्यात अडकला. सूरजने दोरी धरली होती. ती त्याच्या हातून सुटली. गणू तिसऱ्या दिवशी सापडला. पुढे दोन महिने मासेमारी बंदच असते, त्यामुळे सूरज घरात का बसलाय हे कोणी विचारलं नाही. नारळी पौर्णिमा आली, सगळ्या होड्या सजल्या, आणि हा उठेना. दारात माणसं आली, "काय गो गीता, होरी काहाला सजवली नाय?" काय सांगणार होते? नवरा पाणी पाहिलं की थरथरतो, असं? मी म्हटलं, इंजिन बिघडलंय. खरं वाटावं म्हणून इंजिन काढून पावणे गावात कुंदन मेस्त्रीच्या वर्कशॉपमध्ये नेऊन ठेवलं. तो म्हणाला, "वहिनी, याला काय पन झालेलं नाय." मी म्हटलं, राहू दे.

त्या एका खोट्यावर माझं घर उभं होतं. लोक इंजिनची चौकशी करत होते, सूरजची नाही. त्याला तेवढीच उसंत मिळत होती. तू ते खोटं वर्गात फोडलंस. आता रोज कोणीतरी येतं आणि त्याच्या उशाशी उभं राहून म्हणतं, "ऊठ रे, मर्द हायस ना?" परवापासून तो आमच्याबरोबर जेवायलाही बसत नाही.

आणि तू माझ्या लेकीचं वर्ष जाईल म्हणून मला भीती घालतेस. जाऊ दे. उद्यापासून ती माझ्याबरोबर बाजारात पाटीवर बसेल. भर वर्गात आईला खोटारडी म्हणणाऱ्या पोरीला आणखी काय शिकवायचं?

गीतांजली


नेरूळ
११ सप्टेंबर

गीता,

गणूचं मला ठाऊक नव्हतं. वाईट वाटलं.

पण तू जे करतेस ते चूक आहे, आणि ते मी लिहिणारच. सूरजला डॉक्टरची गरज आहे. वाशीला पालिकेच्या रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे, मी स्वतः घेऊन जाईन. महिनाभर एका धडधाकट इंजिनाला वर्कशॉपमध्ये लपवून माणूस बरा होत नाही. घरातली पोर रोज ते बघत होती आणि तिच्याशी कोणी एक शब्द बोललं नाही. तुला वाटलं तिला कळत नाही. अशाच मुलांसाठी आमचा कार्यक्रम आहे.

आणि आता तिला पाटीवर बसवून तू शिक्षा कोणाला देतेस? मला? माझं काहीच बिघडत नाही. बिघडतंय तिचं. काल मी बेलापूरच्या बाजारात आले होते. तू पाठमोरी होतीस. हेतल कोळंबी सोलत होती. तिने मला पाहिलं आणि मान खाली घातली. पहिल्या चाचणीत गणितात तिला पंचवीसपैकी तेवीस आहेत, हे तुला माहीत आहे का?

पुन्हा सांगते, मी नियमाप्रमाणेच वागले.

सोनल


दिवाळे
१४ सप्टेंबर

सोनल,

नियमाप्रमाणे?

शाळेतला शिपाई किसन सूरजच्या मावशीच्या गावचा. काल बाजारात आला होता. मी त्याला एवढंच विचारलं, "त्या गुरुवारी वर्गात काय झालं रे?" तो सहज बोलून गेला, "त्या दिवशी तळोज्याच्या कंपनीचे पाहुने आलते ना, चार खुर्च्या मीच लावल्या मागं. एक जन क्यामेरा घेऊन व्हता."

पाहुणे. कॅमेरा. तुझ्या कार्यक्रमाला मदत देणारी माणसं मागे बसली होती, आणि तू माझ्या नवऱ्याचं दुखणं वाचून दाखवलंस. टाळ्या पडल्या का गं?

मग मी हेतलकडून तुमची ती पुस्तिका मागून घेतली. वर सूर्यफुलाचं चित्र, आत पान बारा. 'एका वर्गाच्या चिठ्ठ्या त्याच वर्गात वाचू नयेत. दुसऱ्या शाळेतल्या, मजकूर बदललेल्या चिठ्ठ्या वाचाव्यात.' मी दहावी पास आहे, सोनल. वाचता येतं मला. दोन-दोन पत्रांत तू मला नियम ऐकवलेस, तेव्हा तुला वाटलं कोळीण कशाला पुस्तक उघडून बघतेय.

तुला एक आठवण करून देते. दहावीची पूर्वपरीक्षा. गणितात तुला शंभरात एकोणीस. तुझे वडील, कमळाकरकाका, पट्टा काढतील म्हणून तू घरी गेली नाहीस. दिवाळ्याच्या जेटीवर, पार टोकाला, पाय सोडून बसली होतीस, आणि मला म्हणालीस, "गीते, भरती कधी आहे?" मी तुला दंडाला धरून घरी आणलं. तुझ्या वडिलांना जाऊन सांगितलं, आमच्याकडे आतेबहिणीची हळद आहे, सोनल दोन दिवस राहील. हळद नव्हती. आतेबहीण तेव्हा सहा वर्षांची होती. दोन दिवसांनी तू शांत झालीस, घरी गेलीस, आणि मार्चमध्ये पास झालीस.

माझ्या खोट्यावर तू मॅडम झालीस. बावीस वर्षं मी ते कुणाला बोलले नाही, सूरजलाही नाही. तुला माझं एक खोटं चार दिवस झाकता आलं असतं. तू ते अडीच मिनिटांत वाचून टाकलंस.

मी गावातल्या एकवीस आयांच्या सह्या घेतल्यात. कार्यक्रम बंद करा म्हणून अर्ज उद्या शाळेत जाईल.

गीतांजली


नेरूळ
१९ सप्टेंबर

गीता,

पत्र चार दिवस पर्समध्ये होतं.

खरं आहे. पान बारावरचा नियम मी मोडला. दुसऱ्या शाळेच्या चिठ्ठ्यांचं पाकीट माझ्याकडे होतं. त्या साध्या होत्या, मोबाइल काढून घेतला, भाऊ मारतो, असल्या. पाहुणे मागे बसले होते. पुढच्या वर्षी हा कार्यक्रम चालेल की नाही ते त्यांच्यावर होतं. मी मधल्या सुट्टीत पेटी उघडली, तीन चिठ्ठ्या चाळल्या आणि जी सगळ्यात जास्त लागेल ती उचलली. मला होडीचं कळायला हवं होतं. मी शेजारच्या गावात वाढलेय, नारळी पौर्णिमेला दरवर्षी तुझ्याकडे यायचे. होडी ओवाळली नाही हे वाक्य वाचताना मला एवढंच सुचलं की हे किती चांगलं वाक्य आहे.

मी तुला खोटं लिहिलं. दोनदा.

आता आणखी एक गोष्ट, ती कोणालाच माहीत नाही. मी चिठ्ठी पूर्ण वाचली नव्हती. 'ते खोटं आहे' इथे मी थांबले. त्यापुढे कागदाच्या मागच्या बाजूला आणखी पाच ओळी आहेत. त्या मी वगळल्या, कारण त्या वाचल्या असत्या तर वर्गाला सांगायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हेतलने तुला खोटारडी म्हटलं असं तू लिहिलंस. पुढच्या ओळींत तसं नाही. एवढंच सांगते.

त्यात काय आहे हे मी तुला सांगणार नाही. रागव. चिठ्ठी हेतलची आहे. ती तिला परत देण्यापलीकडे तिच्यावर माझा हक्क नाही. सोबत बंद पाकीट आहे, वर तिचं नाव आहे. तिला दे.

सह्यांचा अर्ज मुख्याध्यापिकांच्या टेबलावर आहे. मी विरोध करणार नाही. फक्त ३० तारीख.

सोनल


दिवाळे
२२ सप्टेंबर

सोनल,

आज घट बसले. लोकांनी मासे सोडले, धोंडूबाईची पाटी अर्धीही भरलेली नाही, पण ती तुझ्याकडे येतेय, फक्त या कागदासाठी. जाताना म्हणाली, "तुमी दोगी फोनवर भांडा की गो, माजे पाय तोडताव काहाला?"

अख्ख्या गावाला अर्धी चिठ्ठी वाचून दाखवलीस, आणि आईला म्हणतेस उरलेली सांगणार नाही. तुला हे लिहिताना काहीच वाटलं नाही?

पाकीट मी हेतलला दिलेलं नाही. ते मिठाच्या बरणीखाली आहे. ट्यूबलाइटसमोर धरून पाहिलं, काही दिसलं नाही. फाडलंही नाही. का फाडलं नाही ते मला विचारू नकोस.

आता माझं ऐक. गुरुवारी सहाव्या तासाला तू त्याच वर्गात उभी राहा. माझ्या लेकीच्या चिठ्ठीचं तू काय केलंस ते सांग. पाहुण्यांचं सांग, पान बाराचं सांग. आणि मग पेटीत तुझी स्वतःची चिठ्ठी टाक आणि तीही वाच. जेटीवरची. नाव घालून. मुलांना दर आठवड्याला लिहायला लावतेस, एकदा स्वतः लिहून बघ.

माझं नाव घेतलंस तरी चालेल. माझं झाकण्यासारखं तू काही ठेवलंच नाहीस.

ते झालं तर पाकीट हेतलला देईन. ३० तारखेचं मग बघू.

गीतांजली


नेरूळ
२६ सप्टेंबर

गीता,

काल सांगितलं. जसं झालं तसं लिहिते, नाहीतर तू किसनला विचारशीलच.

आधी पाहुण्यांचं आणि नियमाचं सांगितलं. मग जेटीवरचं वाचायला घेतलं. कागद हातात होता तरी पहिलं वाक्य तीनदा चुकले. 'भरती कधी आहे' इथे आले तेव्हा मागच्या बाकावर कोणीतरी हसलं, आणि तुमच्या गावच्या पोरांपैकी एकाने त्याला गप्प केलं. त्याला भरतीचा अर्थ कळला असणार.

हेतलला 'इंजिन' नाव ज्याने ठेवलं तो पोरगा उभा राहिला. "मॅडम, म्हनजे तुमची मैत्रीण खोटं बोलली म्हणून तुम्ही वाचलात?"

मी हो म्हटलं.

"मग हेतलची आई पन तेच करत होती ना?"

मी त्यालाही हो म्हटलं. तुझं नाव घेतलं नव्हतं. पोरांनी जोडून घेतलं.

पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण मॅडम, दोन दिवसांनी तुम्ही घरी जाऊन मार्क सांगितलेच ना? हेतलच्या घरी ते दोन दिवस कधी संपणार?"

पुस्तिकेत याचं उत्तर नाही. मी तिला तसंच सांगितलं. हा प्रश्न माझा नाही, त्या मुलीचा आहे, म्हणून तुला पोचवतेय. राग आला तर तिच्यावर नको.

मुख्याध्यापिका दारात उभ्या होत्या. तास संपल्यावर म्हणाल्या, "घरत मॅडम, असलं काही वर्गात सांगायच्या आधी मला विचारायचंत." कार्यक्रम थांबवलाय. मला लेखी खुलासा द्यायचाय, पुढचं त्यांच्या हातात. आमची संस्था मला पुन्हा त्या शाळेत पाठवेल असं वाटत नाही.

तू सांगितलंस ते मी केलं. आता तुझी पाळी. आज सव्वीस आहे.

सोनल


दिवाळे
२९ सप्टेंबर

सोनल,

शुक्रवारी संध्याकाळी बरणी उचलली. हेतल भांडी घासत होती. मी तिला पाकीट दिलं आणि म्हटलं, "तुझं आहे. माझ्यासमोर उघड असं मी म्हणत नाही." तिने हात पुसले, पाकीट घेतलं आणि सरळ बापाच्या खोलीत गेली. मी दाराशी उभी. तिने मागची बाजू त्याला वाचून दाखवली. तुला त्या ओळी माहीत आहेत, तरी लिहिते, कारण तू त्या टाकून दिल्यास आणि मी आता त्या विसरणार नाही.

"आई खोटं बोलते ते बाबांसाठी. तिला वाटतं मला माहीत नाही. मला वल्ही मारता येतात. गणूकाकाने शिकवलं होतं. बाबांना घेऊन मी खाडीत थोडंसं पुढे जाऊन परत आले तर चालेल का? आईला कसं विचारू?"

प्रश्न होता गं तो. तुमच्या खंबीर मनाच्या पेटीत पोरीने एक प्रश्न टाकला होता, त्याचं उत्तर मागत होती. तू प्रश्नच कापलास आणि रडगाणं तेवढं वाचलंस.

सूरज भिंतीकडेच तोंड करून होता. तसाच म्हणाला, "गनूनी शिकवली? कवा?" चार महिन्यांत गणूचं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदा आलं.

सासूबाईंनी आकांत केला, पोरीच्या जातीने होडीवर पाय ठेवायचा नाही म्हणून. मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही.

काल रविवारी सकाळी गेलो, तिघं. भांगाचं पाणी होतं, ओढ कमी. हेतल वल्ह्यावर, मी पुढे, सूरज मधे दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून. जेटीपासून पहिल्या खांबापर्यंत गेलो, तिथून त्याने मान हलवली, मागे वळलो. सगळं मिळून दहा मिनिटं. उतरल्यावर तो ओकला. जेटीवर माणसं उभी होती, ती बाजूला झाली. बरा झाला असं समजू नकोस. वाशीच्या त्या ओपीडीचा वार मला कळव. आम्ही आमचे जाऊ, तुझी सोबत नको.

त्या पहिल्या बाकावरच्या मुलीला सांग, आमचे दोन दिवस काल संपले. इंजिन अजून मेस्त्रीकडेच आहे, पण आता कोणी विचारलं तर मी सांगते की इंजिन बरं आहे, माणूस आजारी आहे.

हेतल उद्या येईल. फॉर्म भरेल, सही करेल. तिला कोणी इंजिन म्हटलं तर काय म्हणशील, विचारलं मी. म्हणाली, "म्हणेन, इंजिन नाय, वल्ही."

तुला मी माफ केलेलं नाही. नंबर ब्लॉकच आहे. एकवीस सह्यांचा अर्जही मागे घेतलेला नाही. आज शाळेत जाऊन त्याच्या खाली एक ओळ मात्र वाढवून आले. 'पेटी बंद करू नये. चिठ्ठी शेवटपर्यंत वाचणारी बाई नेमावी.'

ती तू नसावीस, असं मी लिहिलेलं नाही.

गीता